तिसाव्या फुटावरची हातकुऱ्हाड

१४ जानेवारी १९६२, अमरावती

आधी या वहीची माफी मागतो. शेवटची नोंद गेल्या फेब्रुवारीतली आहे, आणि तीही अर्धवट. अकरा महिन्यांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. रोज एकच वाक्य लिहावं लागलं असतं, ते लिहायची लाज वाटली: परवानगी आली नाही.

काल ती आली. निंबधरी शिवारातल्या सरकारी जमिनीत दहा फूट लांब, दहा फूट रुंद खड्डा खणायला हरकत नाही. काम ३१ मेच्या आत संपवावं आणि खड्डा पूर्ववत बुजवून द्यावा.

कागद तीनदा वाचला. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, चव्वेचाळीस वर्षांचा आहे, आणि या विषयातलं माझं शिक्षण एकूण पाच आठवड्यांचं. अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात मामेभाऊ नत्थुजीकडे टांगानिकात गेलो होतो. तो अकोल्याचा, म्वांझाच्या एका कापूस-जिनिंगात फिटर आहे. सुटी निम्मी बोटीवरच गेली. उरलेले पाच आठवडे मी उत्खननासाठी नैरोबीहून आलेल्या मिस हॅलोवेंच्या छावणीत माती चाळली. तिथल्या घळीत आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी, त्यानं खाल्लेल्या जनावरांची हाडं, सगळं एकाच थरात पडलेलं. वरती काळी माती आणि काटेरी झाडं. मला पूर्णेचा काठ आठवला. आपल्याकडेही अशा कुऱ्हाडी मिळतात, पण नदीत वाहून आलेल्या, सुट्या. थरात, हाडांसोबत, अजून कोणाला मिळाली नाही. मिळाली तर इथल्या माणसाचं वय सांगता येईल. मला एवढंच हवं आहे. एवढंच म्हणतो खरा.

पत्नी दुर्गाबाईंनी तीळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारलं, "निंबधरीलेच काहून? पूर्णेच्या काठी दुसरं गाव नाही का?"

मी म्हणालो, तुझ्या भावाचं घर आहे, राहण्या-जेवण्याची सोय होईल. त्या तीळगुळाचं ताट घेऊन आत गेल्या. माहेरी नवऱ्याचं ओझं नको, असं बायकांना वाटत असावं.

२१ जानेवारी, निंबधरी

पुंजारामभाऊंनी, म्हणजे दुर्गाबाईंच्या थोरल्या भावांनी, स्वतःच्या वावरातल्या तीन जागा दाखवल्या. सावली आहे, बैलजोडी हाताशी आहे. परवानगी सरकारी जमिनीची आहे असं सांगितलं तर म्हणाले, "सरकार कुठं पाहाले येते?" मला ते पटलं नाही.

मजुरांचे मुकादम म्हणून देवमन यांना घेतलं. चाळिशीचे, बौद्ध, विहिरी खणण्यात आयुष्य गेलेलं. बोलतात कमी. मी त्यांना 'तुम्ही' म्हणतो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं, कोणाशी बोलतो आहे म्हणून.

ते मला गायरानात, त्यांच्या पुऱ्याच्या, म्हणजे बौद्धवस्तीच्या, मागं घेऊन गेले. एका जागी टाच आपटून म्हणाले, "येथी खंदा, साहेब."

"इथंच का?"

"खाली गोटे हायेत. नदीतले, गुळगुळीत."

"किती खाली?"

"सत्तावीस-अठ्ठावीस फूट."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"माह्या हातानं खंदेल जमीन हाये हे."

विहिरी खणणाऱ्याला गावची सगळीच जमीन आपल्या हातची वाटत असावी. वाक्य आवडलं म्हणून जसंच्या तसं लिहून ठेवतो. नदीतले गोटे अठ्ठावीस फुटांवर, म्हणजे जुनं नदीपात्र. मला आणखी काय हवं?

जेवताना पुंजारामभाऊ म्हणाले, "तेथी नका खंदू, भगवंतराव."

"का?"

"जागा चांगली नाही."

"चांगली नाही म्हणजे काय?"

"म्हंजे चांगली नाही. लोक म्हनतील, पाटलाचा जवाई कोनाच्या दारात जाऊन बसला."

मी म्हणालो, दगडाला जात नसते. वाक्य भाषणातल्यासारखं झालं. ते हसले. "दगडाले नसंन. खड्ड्याले असते." आणि ताटात भाकरी वाढायला सांगितली.

५ फेब्रुवारी, निंबधरी

कॉलेजातून शनिवार-रविवार आणि साठवलेली रजा मिळून येतो. चौदा फूट झाले. एवढ्या लवकर होतील असं वाटलं नव्हतं. माती विलक्षण नरम आहे.

शंका लिहून ठेवल्या पाहिजेत, म्हणून लिहितो. एक, काळ्या मातीत मधूनच पिवळ्या मातीचे गोळे लागतात. पिवळी माती खालची, ती वर कशी आली? काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसाळ्यात मिटते, दर वर्षी स्वतःला ढवळून घेते. त्यातून झालं असावं. दोन, अकरा फुटांवर हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. टोपली वर ओढणाऱ्या बायकांपैकी कोणाची तरी फुटली असेल. देवमनरावांची बायको जाईबाई हिनं तो उचलून पाहिला आणि पदराच्या टोकाला बांधला. तिच्या हातात हिरव्या बांगड्या नव्हत्या, हेही नोंदवतो.

तीन, ही शंका नाही, तक्रार आहे. मी खड्डा चौकोनी आखून दिला होता. दोऱ्या लावल्या, खुंट्या ठोकल्या. खाली जाता जाता तो गोल होत चालला आहे. कोपऱ्यांत माती कडक लागते म्हणतात आणि सोडून देतात. देवमनरावांना बोललो. ते म्हणाले, "जमीन जशी देते तशी घ्यावं लागते, साहेब." यांना कोपरे सांभाळायची सवय नाही. मी नाद सोडला.

कडा ढासळू नयेत म्हणून फळ्या आणि बल्ल्या लावल्या आहेत. मिस हॅलोवे म्हणायच्या, दगडाला विचारण्याआधी खड्ड्याच्या भिंतीला विचारा. भिंत आता फळ्यांमागं आहे. शेवटी फळ्या काढून पाहीन.

११ फेब्रुवारी

जाईबाई रोज पहाटे नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी आणते, दीड मैल. खारपाणपट्टा, गावात गोड पाण्याची एकच विहीर आहे, देवळामागची. मी पुंजारामभाऊंना विचारलं, ही माणसं नदीवर का जातात? "त्यायले वाहतं पानी लागते." बैठकीतले सगळे हसले. मला समजलं नाही असं नाही. मी पुढं विचारलं नाही. पाहुण्यानं घरात वाद काढू नये असं मनाला सांगितलं आणि पेला रिकामा केला.

२७ फेब्रुवारी

मिळाली.

मतदानामुळं दोन दिवस काम बंद होतं. आज सकाळी अठ्ठावीस फुटांवर गोटे लागले, देवमनराव म्हणाले होते तसेच. मी दोरानं खाली उतरलो. दुपारी दोनच्या सुमाराला, जवळजवळ तिसाव्या फुटावर, एका गोट्याआड हातकुऱ्हाड. तळहातापेक्षा थोडी मोठी, पिंपळाच्या पानासारखी, दोन्ही बाजूंनी टवके काढलेली, टोक शाबूत. आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर एक जबडा, दातांसकट, चुन्यासारख्या पांढऱ्या थरानं माखलेला, पलीकडे बरगड्या. एकाच थरात. मी हात लावला नाही. आधी चित्र काढलं, मापं घेतली, फोटो घेतला. खात्रीसाठी मापं पुन्हा घेतली.

ज्या हातानं ही घडवली तो हात कसा असेल, याचा विचार करत मी तिथं चिखलात बसून राहिलो. टांगानिकातली माणसं आणि ही माणसं एकमेकांची कोण?

पाणी मात्र आडवं आलं. जबडा उचलला, त्याच्याखालून झरा फुटला. देवमनरावांनी माझ्या कुऱ्हाडीकडे नीट पाहिलंही नाही. ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं, पुन्हा घेतलं आणि गिळलं. मग बादलीत थोडं घालून वर पाठवलं. वरून जाईबाईचा आवाज आला, "तेच हाये."

"पाण्याकडे काय बघता? इकडे बघा," मी म्हणालो.

"पाहून राह्यलो, साहेब," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. माझ्या आनंदानं त्यांनाही भरून आलं, असं वाटलं. महिनाभर एका खड्ड्यात काढला की माणसं जवळ येतात. वर आल्यावर मी त्यांचा हात हातात घेतला. असा हात मी कॉलेजातल्या एकाही सहकाऱ्याचा घेतलेला नाही.

३ मार्च, अमरावती

दोन दात काढून कापसात गुंडाळले आणि चित्रांसह नैरोबीला मिस हॅलोवेंकडे रवाना केले. जबडा मेजावर ठेवला होता. दुर्गाबाई दारातच थांबल्या.

"बैलाचं हाड घरात कशाले आनलं?"

"बैल नाही. रानबैल असावा. लाख, दोन लाख वर्षांपूर्वीचा."

"बैलच हाये तो."

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला सगळे जबडे बैलाचेच वाटणार. मी समजावू लागलो तर त्या डोक्यावरून पाणी घ्यायला गेल्या. शिकवण्याचा माझा स्वर कधी कधी मलाच आवडत नाही.

३० मार्च

मिस हॅलोवेंचं पत्र. दात अजून तपासायचे आहेत. पण कुऱ्हाडीचं चित्र पाहून त्या दोन दिवस दुसरं काम करू शकल्या नाहीत, असं लिहितात. थर पक्का असेल तर जुलैच्या हंगामात मी यावं, छावणीत तीन महिने राहावं आणि नैरोबीच्या सभेत स्वतः हा शोध मांडावा. 'चाळणी घेऊन आलेला माणूस आता शोध घेऊन येईल.' हे वाक्य मी दुर्गाबाईंना मराठी करून सांगितलं. त्यांनी विचारलं, थर पक्का म्हणजे काय. मी सांगितलं. त्यांनी भाजी निवडायला घेतली.

प्राचार्यांकडे रजेचा अर्ज दिला.

७ मे

दुसरं पत्र. त्यातला मजकूर मराठीत उतरवतो, म्हणजे माझी माझ्याशी चलाखी होणार नाही.

'दात पाळीव बैलाचे आहेत. दगड झालेले तर नाहीतच; आत अजून सेंद्रिय अंश आहे. फार तर दहा वर्षांचे असतील. वरचा पांढरा थर तुमच्याकडच्या क्षारांचा आहे. दात वरून पडले असतील, असं घडतं. पण मग कुऱ्हाडीचं काय? तुमच्या चित्रांत खड्ड्याच्या भिंतीचं एकही चित्र नाही. भिंत काय सांगते ते कळवा. कुऱ्हाड तिच्या थरात आहे असं तुम्ही भिंत पाहून लिहिलंत, तर माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे आणि आमंत्रण कायम आहे.'

बाईंचा माझ्यावर विश्वास आहे, आणि नेमकं तेच मला सोसत नाही. उद्या निंबधरी.

८ मे, निंबधरी

दर्यापूरहून बैलबंडीनं आलो, अकराला पोचलो. ऊन असं की खड्ड्यापाशी कोणी नसेल अशी अपेक्षा होती. खड्ड्याला रांग होती. काठावर दोन आडवी लाकडं, त्यावर दोर, बायका बादल्या ओढत होत्या. माझ्या फळ्या काढून बाजूला नीट रचून ठेवल्या होत्या, एकही हरवली नव्हती.

मी भिंतीकडे पाहिलं. उघड्या भिंतीवर टिकास-कुदळीचे जुने घाव, वरपासून खालपर्यंत सारखे. समोरासमोर दोन ओळींत पाय ठेवायच्या खोबण्या, एकाखाली एक, पाण्यापर्यंत उतरलेल्या. आम्ही त्या खणल्या नव्हत्या. आम्ही भिंतीला हातच लावला नव्हता. भिंतीनं सगळं सांगितलं, आणि ते वाचायला मला पाच आठवड्यांचं शिक्षणही लागलं नाही.

देवमनराव सावलीतून उठून आले.

"ही विहीर आहे," मी म्हणालो.

"व्हय."

"कोणाची?"

"आमची. सत्तावनच्या उन्हाळ्यात खंदली. सात घरं, तीन महिने. साऱ्या पट्ट्यात खारं पानी, आन आमच्या नशिबानं येथी गोड लागलं. दसऱ्याले सारे नागपूरले गेल्तो, दीक्षाभूमीवर. तिसऱ्या दिवशी आलो त इहीर नव्हती."

"नव्हती म्हणजे?"

"जमीन होती. सपाट. वरून वखर फिरवेल."

खाली काय होतं ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. आदल्या वर्षी धर्म घेतल्यावर त्यांनी गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. दसऱ्याच्या तोंडावर गावात एक बैल मेला. तो विहिरीत टाकला, वर नदीतले गोटे बंड्या भरभरून, आणि वर माती.

म्हणजे माझी कुऱ्हाड खरी आहे. ती नदीतल्या कुठल्या वळणावरची, कुठल्या थरातली, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. पाच वर्षांपूर्वी एका बंडीतून ती इथं आली.

"तुम्ही मला फसवलंत, देवमनराव."

त्यांनी ते शांतपणे ऐकलं. "तुमी इचारलं, येथीच काहून. म्या म्हनलं, खाली गोटे हायेत. तुमी इचारलं, तुमाले काय ठाऊक. म्या म्हनलं माह्या हातानं खंदेल जमीन हाये. कोनं टाकले ते तुमी इचारलं नाही."

"मी नाही विचारलं, पण तुम्ही सांगायचं होतं. तुम्हाला दिसत होतं मी काय समजतो आहे."

"सांगतलं असतं त खंदलं असतं का तुमी?"

मनातल्या मनात उत्तर दिलं: नसतं खणलं.

"आमी आमच्यानं खंदली असती त पुन्हा एक दसरा आला असता. तुमच्या हाती सरकारचा कागद होता, आन तुमी पाटलाचे जवाई. तुमच्या खड्ड्याले कोन हात लावते?"

जाईबाई बादली ठेवून आली. पदर सावरत म्हणाली, "पाच वर्सं नदीवर गेली मी, सर. तुमचा दगड दोन लाख वर्सं थांबला म्हनता. आखीन थोडा थांबला असता त त्याले काय झालं असतं?"

बायका हसल्या. देवमनराव हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली, आणि ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. मी हातात घेतलेला हात ज्या माणसाचा होता, तो महिनाभर माझ्याशेजारी खड्ड्यात उभा राहून मला चुकताना पाहत होता. त्याचं कारण कळतं. कळून राग कमी होत नाही, हे मला आज नव्यानं समजलं.

९ मे, निंबधरी

पुंजारामभाऊंशी बोललो. सुपारी कातरत होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"माहाच बैल होता, मले माहीत नसंन? दोन दिवस दारात पडून होता, फुगला. निरोप धाडला, कोनी आलं नाही. आता आमी ढोर ओढत नाही म्हने. म्हनलं, ठीक हाये, तुमचं ढोर तुमच्या इहिरीत."

"आणि मला महिनाभर खणू दिलंत."

"नाही म्हनलं होतं का नाही? चांगल्यानं सांगतलं. तुमाले दगडाची जात पुसायची होती."

मग खिशातून कागद काढला. तहसिलीतून आलेला. परवानगीच्या अटीप्रमाणं खड्डा बुजवण्याची मला आठवण. तक्रार कोणाची ते लिहिलेलं नाही, विचारायचीही गरज नव्हती. मी त्यांना नैरोबीच्या पत्राचं सांगितलं होतं, ही माझी चूक. ते म्हणाले, "दात वरून पडला म्हना. कुऱ्हाड खरी म्हना. एकडाव खड्डा बुजला का कोन येते पाहाले? तुमी आफ्रिकेले जा, मी पंचायत समितीत निवडून जातो. दोघायचं काम होते."

इतक्या सरळपणे मला आजवर कोणी ओळखलं नव्हतं. कारण काल संध्याकाळी, त्यांच्याच पडवीत बसून, हेच वाक्य मी मनात इंग्रजीत जुळवून पाहिलं होतं. दुसरीकडूनही विचार केला. कुऱ्हाड थरातली आहे असं लिहिलं तर ही जागा महत्त्वाची ठरेल, सरकार खड्डा बुजवू देणार नाही, आणि त्यांचं पाणी राहील. म्हणजे खोटं बोलून पुण्य करता येतं. पण हा विचार मला त्यांच्या पाण्यासाठी सुचला की नैरोबीसाठी, याचं उत्तर देता आलं नाही. ज्याचं उत्तर देता येत नाही ते करू नये.

१० मे, अमरावती

घरी आल्या आल्या विचारलं. "तुला माहीत होतं?"

दुर्गाबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. "व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

"निंबधरीलेच काहून, असं इचारलं. बैलच हाये, असं सांगतलं. आखीन कसं सांगू?"

"सरळ सांगायचं. दादानं विहीर बुजवली म्हणून."

"भावाचं नाव घेऊन? आन तुमी वहीत लिहिलं असतं." आता सूप थांबलं. "तुमच्या वहीत गेलेली गोष्ट मंग गोष्ट राहत नाही. तिचा कागद होते."

चोवीस वर्षांच्या संसारात मला वाटत होतं की माझी ही सवय तिला साधी, थोडी हास्यास्पद वाटते. तिला त्या सवयीची भीती वाटत होती. महिनाभर माझ्या शिदोरीत चटणी-भाकरी बांधून देताना तिला माहीत होतं मी कुठं जातो आहे, काय खणतो आहे आणि शेवटी काय निघणार आहे. देवमनला निदान पाणी हवं होतं. भावाला खुर्ची हवी आहे. हिला काय हवं होतं? गप्प राहिलं तर सगळं आपोआप टळेल, एवढंच असेल.

मी पुष्कळ बोललो. विश्वासघात हा शब्दही वापरला. तो घरात वापरायचा शब्द नाही.

त्या उठल्या आणि दारातून म्हणाल्या, "आन तुमी होते ना तेथी. दसऱ्याले. माह्या एकटीलेच काहून इचारता?"

मी नव्हतो, म्हणालो. मग पेटीतून सत्तावनची वही काढली.

'४ ऑक्टोबर १९५७, निंबधरी. दसऱ्याचा पाहुणचार. पुरणपोळी फार झाली. पुंजारामभाऊंचा एक बैल गेला म्हणून थोडी उदासी होती. त्यांच्या बंड्या दिवसभर नदीवरून गोटे आणत होत्या. गोठ्यात फरसबंदी करणार म्हणाले. गावाच्या कडेला कसलं तरी काम चालू होतं. ऊन होतं म्हणून मी गेलो नाही. पुऱ्यात सामसूम.'

माझंच अक्षर. सगळं नोंदवलेलं आहे. एकाही गोष्टीपुढं शंका नाही. जानेवारीत देवमननं टाच आपटली त्या जागेवर कुऱ्हाड आणणारी बंडी मी पडवीतून पाहिली होती, बहुधा पान खात. चार वर्षं मी त्या गोठ्यात जातो-येतो. तिथं आजही माती आहे. फरशी का झाली नाही, हे मी कधी विचारलं नाही.

१४ मे, अमरावती

नैरोबीचं पत्र आज टपालात टाकलं. चार ओळी. भिंत पाहिली. तो थर नाही, बुजवलेली विहीर आहे. कुऱ्हाड खरी आहे पण तिचा पत्ता हरवला आहे. चूक माझी, आमंत्रणाबद्दल आभारी आहे. प्राचार्यांकडून रजेचा अर्ज परत घेतला. त्यांनी कारण विचारलं, मी घरगुती सांगितलं. ते खोटं नव्हतं.

मन हलकं झाल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. फार वाईट वाटतं आहे. आज दिवसभर टांगानिकातल्या त्या घळीतला वारा आठवत होता, त्याला रानतुळशीसारखा वास यायचा.

मग दुसरा कागद. तहसीलदारांसाठी. अट खड्ड्याची आहे. मी खड्डा खणलेला नाही. अगोदरची विहीर उपसली. म्हणून ती बुजवण्याची अट तिला लागू होत नाही. जे वाक्य लिहून माझा शोध संपला, तेच इथं पुन्हा लिहायचं, एवढंच. पण तहसीलदार विचारणार, विहीर होती याला पुरावा काय? पुऱ्यातल्या सात घरांचं कोणी पाच वर्षांत मानलं नाही. माझं मानावं लागेल, कारण ४ ऑक्टोबरची नोंद आहे, आणि त्या नोंदीत नाव आहे.

नाव गाळून नक्कल करून पाहिली. 'गावातील एका गृहस्थाच्या बंड्या.' वाचली आणि फाडली.

हे मी देवमनसाठी करतो आहे का? नाही; त्यानं मला वापरलं आणि मी अजून त्याच्याशी बोलू शकत नाही. पुंजारामभाऊंवर सूड म्हणून करतो आहे का? थोडं. पाण्यासाठी? असावं. यातलं प्रमाण मला ठरवता येत नाही, आणि पावसाच्या आत ते ठरेल असंही दिसत नाही. ३१ तारखेला मात्र तिथं फावडी घेऊन माणसं येतील.

दुर्गाबाईंना कागद वाचून दाखवला, नावासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाल्या, "दिवाळीले मले तिकडून कोनी घ्याले येनार नाही आता." रडल्या नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "उद्याची भाकरी बांधू का, का दर्यापूरलेच जेवान?" मी बांध म्हणालो. तिनं जे गिळलं त्याचा हिशेब मला कधी लागेल असं वाटत नाही.

वही सोबत न्यावी लागेल. पान फाडून दिलं तर पुरावा राहणार नाही.

उद्या: पहिल्या एस.टी.नं दर्यापूर, जबाब तहसिलीत द्यायचा आणि त्यावर आवक क्रमांक पडल्याशिवाय उठायचं नाही.